उसण आणि कळलावी

सकाळच्या वेळी भरलेली बादली उचलण्यासाठी कोणी गृहस्थ वाकावा, वाकलेल्या स्थितीतच त्याच्या कमरेत एक चमक उठावी आणि तो जागच्या जागी खिळून राहावा, हा प्रसंग कोणत्या घरात घडला नसेल? बादली तेथेच राहते. गृहस्थ भिंतीचा आधार घेत, अर्धवट वाकलेला, कसाबसा पलंगापर्यंत पोहोचतो. घरातील वडीलधारी मंडळी दोन शब्दांत निदान करून मोकळी होतात : ‘उसण भरली.’ मराठी भाषेने या व्यथेचे बारीक भेद केलेले आहेत. कमरेत वा पाठीत भरते ती उसण. उशीवर डोके वेडेवाकडे राहिल्याने आखडते ती मान. ओझे उचलताना भरते ती लचक. रात्री झोपेत पोटरीत येतो तो गोळा किंवा पेटका. नावे निराळी, कारणेही काही अंशी निराळी. परंतु सर्वांत एक गोष्ट समान आहे. जो स्नायू एरवी माणसाच्या हुकमतीत वागतो, तो हुकूम न जुमानता स्वतःच आवळून बसतो, आणि त्याची पकड सोडविणे धन्याच्या हाती राहत नाही.

उसण जितकी जुनी तितकेच तिच्यावरील उपायही जुने. तापविलेल्या विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक, निर्गुडीचा पाला घालून उकळलेले पाणी, कोमट तेलाचे मर्दन हे उपाय घरोघर चालत. या सर्वांहून प्रसिद्ध उपाय म्हणजे पायाळू माणसाची लाथ. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने उसण भरलेल्या कमरेला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत गावोगावी होती. पायाळू माणसाला त्यामुळे मान मिळे, रुग्णाला धीर मिळे, आणि दोन-चार दिवसांत उसण उतरतही असे. ती लाथेने उतरली की दिवस लोटल्याने उतरली, याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. हा हिशेब क्षुल्लक नव्हे. उसणीवरील कोणत्याही औषधाचे मोल ठरविताना तोच पुन्हा मांडावा लागतो.

आज पायाळू माणसाची जागा औषधांच्या दुकानातील गोळीने घेतली आहे. भारतात उसणीसाठी ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांतील पुष्कळांच्या वेष्टनावर वेदनाशामक औषधाच्या नावाशेजारी एक लांबलचक नाव बारीक अक्षरांत छापलेले आढळते : थायोकोल्चिकोसाइड. नाव उच्चारण्यास कठीण आहे, म्हणून बहुधा ते कोणी वाचीत नाही. परंतु त्याची फोड केली तर त्यातून एक मनोरंजक वृत्तांत बाहेर पडतो. ‘थायो’ म्हणजे गंधकयुक्त. शेवटचा ‘साइड’ हा अंश, त्या रेणूला साखरेचा एक तुकडा जोडलेला आहे, असे सांगतो. मधला ‘कोल्चि’ हा अंश काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील कोल्चिस या प्राचीन देशाच्या नावावरून आला आहे. त्या देशावरून युरोपातील एका विषारी कंदवर्गीय वनस्पतीला कोल्चिकम हे नाव पडले, आणि १८२० साली पेल्तिये व काव्हांतू या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या वनस्पतीतून जे तीव्र द्रव्य वेगळे काढले त्याला पुढे कोल्चिसिन म्हणू लागले. वातरक्ताच्या, म्हणजे गाउटच्या, वेदनांवर ते आजही वापरतात.

नाव असे दूरदेशीचे असले तरी औषधाचा कच्चा माल मात्र भारतीय मातीतला आहे. कोल्चिसिन व त्याचे साखरयुक्त भावंड कोल्चिकोसाइड ही दोन्ही द्रव्ये ज्या वनस्पतीच्या बियांत मिळतात, ती सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या कोणालाही अपरिचित नाही. ती म्हणजे कळलावी. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर कुंपणांच्या आणि झुडुपांच्या आधाराने ही वेल चढत जाते. तिच्या पानांची टोकेच सुतासारखी वळून आधार पकडतात. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास तिला फुले येतात : सहा पाकळ्या, मुळाशी पिवळ्या, शेंड्याकडे लालभडक, कडा लहरींसारख्या, आणि सर्व पाकळ्या ज्वाळांप्रमाणे वर वळलेल्या. संस्कृतात तिला अग्निशिखा हे नाव मिळाले ते या रूपावरून, आणि लांगली हे नाव मिळाले ते नांगरासारख्या वाकड्या कंदावरून. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आहे. हा इशारा यथार्थच होय, कारण तिचा कंद आणि बिया पोटात गेल्याने माणसे दगावलेली आहेत.

मराठी नावात तर एक निराळीच खोच आहे. ‘कळ’ म्हणजे वेदना, आणि ‘कळ’ म्हणजे भांडणही. प्रसूतीच्या कळा सुरू व्हाव्यात म्हणून या वनस्पतीच्या कंदाचा उपयोग पूर्वी करीत असत. दुसरीकडे, ही वेल घरात आणली की घरात भांडणे लागतात असेही म्हणत. म्हणजे कळ लावणारी म्हणून जिची ख्याती, तिच्याच बियांतून कमरेची कळ घालविण्याचे औषध निघाले. तामिळनाडूत हेच फूल राज्यपुष्प आहे. तेथील प्राचीन संगम कवींनी स्त्रियांच्या बोटांना त्याच्या पाकळ्यांची उपमा दिली. आज त्याच राज्यात करूर, तिरुप्पूर, दिंडिगल या भागांतील शेतकरी तारांच्या आधारावर कळलावीचे पीक घेतात. फुलाचा स्त्रीकेसर जवळजवळ काटकोनात वळून परागांपासून दूर राहत असल्याने आपोआप फळधारणा बेताचीच होते, म्हणून मजूर फुलाफुलाला हाताने पराग लावतात. शहरातील बैठ्या माणसाच्या कमरेत उसण भरावी आणि तिच्यावरील औषधाच्या बियांसाठी दुसऱ्या कोणी तरी दिवसभर वाकून फुले हाताळावीत, असा हा व्यवहार आहे.

हे औषध नेमके करते काय, हे कळण्यासाठी आधी उसण म्हणजे काय ते पाहावे लागेल. स्नायू आपल्या मनाने आवळत नाही. मज्जारज्जूतून निघणाऱ्या चेतातंतूंनी आज्ञा दिली म्हणजेच तो आवळतो. मज्जारज्जूत आज्ञा देणाऱ्या पेशी असतात, तशाच त्या आज्ञा आवरून धरणाऱ्या पेशीही असतात, आणि या दोहोंच्या समतोलावर माणसाचे उठणे, बसणे, वाकणे अवलंबून असते. मणक्याचा सांधा, दोन मणक्यांमधील चकती, अस्थिबंध यांपैकी कशाला इजा झाली की आसपासचे स्नायू आवळून तो भाग जखडून टाकतात. मोडलेल्या हाताला बांधलेली फळी जे काम करते, तेच काम हे स्नायू करू पाहतात. म्हणजे उसण हा मूळचा शत्रू नव्हे. तो पहारेकरी आहे. मात्र हा पहारेकरी अतिउत्साही असतो, आणि पुष्कळदा संकट टळल्यावरही दार सोडीत नाही. वेदनेने स्नायू आवळतो आणि आवळल्याने वेदना वाढते, असे एक दुष्टचक्र पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ सांगितले गेले. आजच्या शास्त्रज्ञांना ते चक्र जसेच्या तसे मान्य नाही, कारण दुखणाऱ्या प्रत्येक पाठीतील स्नायू मोजमापात अधिक आवळलेला आढळतोच असे नाही. तथापि उसणीत स्नायूची पकड आणि वेदना यांची सोबत असते, एवढे निर्विवाद आहे.

ही पकड औषधाने सोडविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग चेतातंतू आणि स्नायू यांच्यामधील सांधाच तोडण्याचा. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांच्या टोकांना जे क्युरारे नावाचे विष लावीत, ते हेच करते. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेडकांवर प्रयोग करून दाखविले की, या विषाने स्नायू मरत नाही आणि चेतातंतूही मरत नाही. केवळ दोघांमधील निरोप थांबतो. २३ जानेवारी १९४२ रोजी मॉन्ट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन या डॉक्टरांनी शुद्ध केलेले क्युरारे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना वापरले, आणि भूलशास्त्राचे स्वरूपच पालटले. परंतु या मार्गाने श्वासोच्छ्वासाचे स्नायूही थांबतात. म्हणून तो शस्त्रक्रियागृहापुरता व अतिदक्षता विभागापुरताच. कमरेच्या उसणीसाठी तो नव्हे.

दुसरा मार्ग स्नायूला हात न लावता मज्जारज्जू आणि मेंदू यांतील आज्ञेचा जोर कमी करण्याचा. हा मार्ग अकल्पितपणे सापडला. मूळचा बोहेमियातील, नाझी आक्रमणामुळे देशोधडीला लागलेला फ्रँक बर्गर हा डॉक्टर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनमध्ये संशोधन करीत होता. पेनिसिलिनचा नाश करणाऱ्या जंतूंना आवर घालील असे द्रव्य तो शोधीत होता. त्यासाठी तयार केलेली द्रव्ये लहान प्राण्यांना टोचली असता त्यांचे स्नायू ढिले पडले, प्राणी कुशीवर पडून राहिले, पण जागे होते आणि काही वेळाने पूर्ववत झाले. १९४६ साली त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्या मेफेनेसिन नावाच्या द्रव्यापासून स्नायुशिथिलक औषधांचे एक घराणेच निर्माण झाले. १९५५ साली अमेरिकेत मेप्रोबामेट बाजारात आले आणि चिंताशामक म्हणून तुफान खपले. १९५९ साली त्याच घराण्यातील कॅरिसोप्रोडॉल उसणीवरील औषध म्हणून पुढे आले. त्याचा पुढील इतिहास मात्र सावध करणारा आहे. कॅरिसोप्रोडॉलचे शरीरात मेप्रोबामेटमध्ये रूपांतर होते आणि मेप्रोबामेटची सवय जडते. २००७ साली युरोपीय औषध नियामक संस्थेने त्याचा परवाना स्थगित करण्याची शिफारस केली. २०२५ च्या फेब्रुवारीत, भारतात तयार झालेल्या कॅरिसोप्रोडॉल व टॅपेन्टाडॉल यांच्या मिश्र गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जातात असे उघडकीस आल्यावर, भारत सरकारच्या औषध नियंत्रकांनी अशा मिश्रणाचे उत्पादन व निर्यात थांबविण्याचे आदेश दिले. कमरेची पकड सोडविणारे औषधच मनाची पकड घेते, ते असे.

या पार्श्वभूमीवर थायोकोल्चिकोसाइडची लोकप्रियता समजते. विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये कोल्चिकोसाइडच्या रेणूत प्राणवायूच्या एका अणूच्या जागी गंधकाचा अणू बसवून ते तयार करण्यात आले. मज्जारज्जू व मेंदू यांतील ग्राहकांवर ते कार्य करते, असे प्रयोगांत दिसले. फ्रान्स, इटली, स्पेन, ग्रीस, पोर्तुगाल या देशांत आणि नंतर भारतात त्याचा प्रसार झाला. अमेरिकेत ते कधीच संमत झाले नाही. त्याने गुंगी कमी येते, त्याची नशा चढत नाही, असा त्याचा लौकिक. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हावयाचे आहे अशा माणसाला याहून अधिक काय हवे?

परंतु कळलावीचा मूळ स्वभाव लक्षात ठेवावयास हवा. कोल्चिसिनचे खरे सामर्थ्य पेशीविभाजनावर आहे. एका पेशीच्या दोन पेशी होताना गुणसूत्रांची समान वाटणी करणारे जे सूक्ष्म धागे असतात, ते कोल्चिसिन जुळू देत नाही. १९३७ साली ब्लेकस्ली आणि एव्हरी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी या गुणाचा उपयोग करून वनस्पतींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करून दाखविली. बी नसलेले कलिंगड हे त्याच विद्येचे फळ आहे. जे कलिंगडात हवेसे, ते मानवी शरीरात मात्र हवेसे नाही. थायोकोल्चिकोसाइड पोटात गेल्यावर त्याचे विघटन होऊन जे एक द्रव्य रक्तात उतरते, त्याच्या विशिष्ट मात्रेने विभाजन पावणाऱ्या पेशींत गुणसूत्रांची वाटणी विषम होऊ शकते, असे प्रयोगांत आढळले. शिवाय ती मात्रा, नेहमीच्या प्रमाणात गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या रक्तातील मात्रेपेक्षा फारशी वेगळी नव्हती. इटलीने हा प्रश्न उपस्थित केला आणि २०१३ च्या नोव्हेंबरात युरोपीय नियामक संस्थेने आपला निर्णय दिला.

तो निर्णय बंदीचा नव्हता; मर्यादेचा होता, आणि म्हणूनच तो प्रत्येक घरात माहीत असावयास हवा. पाठीच्या कण्याशी संबंधित अशा तीव्र, नव्याने उद्भवलेल्या स्नायूंच्या पकडीवर, इतर उपचारांच्या जोडीला, हे औषध वापरावे. पोटात घेण्याची मात्रा १२ तासांनी ८ मिलिग्रॅम याहून अधिक नसावी, आणि सलग ७ दिवसांहून अधिक काळ ते घेऊ नये. इंजेक्शनाच्या रूपाने १२ तासांनी ४ मिलिग्रॅम, आणि तेही ५ दिवसांपर्यंतच. वर्षानुवर्षे चालत आलेल्या पाठदुखीसाठी ते नव्हे. सोळा वर्षांखालील मुलामुलींना ते देऊ नये. गर्भवती स्त्रियांनी, अंगावर पाजणाऱ्या मातांनी, आणि गर्भधारणा होऊ शकेल पण ती टाळण्याची उपाययोजना केलेली नाही अशा स्त्रियांनी ते घेऊ नये. ज्यांना अपस्मार आहे किंवा पूर्वी झटके आले आहेत, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी, कारण या औषधाने झटके उद्भवू शकतात. कळलावीच्या कंदापासून गर्भवतीला जपावे, हे जुन्या काळच्या जाणत्या सुइणीला ठाऊक होते. तेच शहाणपण गुणसूत्रांच्या भाषेत नव्याने सांगितले गेले, एवढेच.

खरी अडचण येथेच आहे. डॉक्टर चिठ्ठीवर पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. उसण उतरते, चिठ्ठी कपाटात राहते. सहा महिन्यांनी पुन्हा कंबर धरली की तीच चिठ्ठी, किंवा नुसती रिकामी पट्टी, दुकानात दाखविली जाते आणि गोळ्या मिळतात. या वेळी दिवस कोणी मोजीत नाही. कधी वडिलांसाठी आणलेली पट्टी सुनेच्या मानेसाठी उघडली जाते, आणि सून दोन महिन्यांची गर्भवती आहे हे तिलाही अद्याप ठाऊक नसते. मिश्र गोळीत वेदनाशामक असल्याने जठराला व मूत्रपिंडाला होणारा उपद्रव निराळाच. त्यातून तापासाठी पॅरासिटामॉल वेगळे घेतले, आणि ते त्या मिश्र गोळीतही असले, तर तीच मात्रा नकळत दोनदा पोटात जाते. दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. परंतु वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याचे काम अखेर घरातील कोणी तरी केलेच पाहिजे.

आता पायाळू माणसाच्या लाथेचा तो राहिलेला हिशेब. उसण गोळीने उतरते की दिवस लोटल्याने? २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्नायुशिथिलक औषधांच्या चाचण्यांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. ३१ चाचण्यांतील साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात एकत्र केली होती. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत, पहिल्या दोन आठवड्यांत, या वर्गातील बहुतेक औषधांनी १०० गुणांच्या मोजपट्टीवर सुमारे ८ गुणांचा आराम मिळतो, आणि त्याची खात्रीही बेताचीच, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे गोळी अगदीच लाथेसारखी नव्हे. पण लाथेहून फार मोठ्या योग्यतेची आहे असेही म्हणवत नाही. याउलट, साध्या वागण्याचा प्रभाव किती मोठा असतो, हे १९९५ साली हेलसिंकी येथे दिसून आले. तेथील नगरपालिकेच्या कंबर धरलेल्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरुणावर झोपविले, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला झेपेल तेवढे नित्याचे व्यवहार चालू ठेवावयास सांगितले. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. ‘पडून राहा, हलू नकोस’ हा मायेचा सल्ला मायेचा असला तरी औषधी नाही, असेच यावरून म्हणावे लागते.

तेव्हा उसण भरली असता पहिला उपाय शेक, दुसरा उपाय झेपेल तेवढे हिंडणे-फिरणे, आणि तिसरा उपाय डॉक्टरांनी दिलीच तर मोजक्या दिवसांची गोळी. तीही दिवस मोजून, वाहन चालविण्यापूर्वी आपणास गुंगी येते की नाही हे पाहून, आणि मद्याची संगत टाळून. वृद्धांनी तर अधिकच जपावे, कारण स्नायू सैल पाडणाऱ्या औषधाने तोल जाऊन पडणे त्या वयात उसणीहून महाग पडते. बहुसंख्य उसणी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, ओसरतात. परंतु काही लक्षणे अशी आहेत की त्यांना गोळीही नको आणि शेकही नको. तेथे तातडीने रुग्णालयच गाठावयास हवे. पायातील शक्ती कमी होऊ लागणे, जांघांच्या मधला भाग बधिर होणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे ही ती लक्षणे. पडल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी, तापासह असलेली पाठदुखी, वजन घटत असता रात्री झोपू न देणारी पाठदुखी, किंवा पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची पाठदुखी हीही उसण म्हणून अंगावर काढू नये. पक्षाघाताने वा मज्जारज्जूच्या इजेने हातपाय ताठरतात, तो विकारही निराळा आणि त्याची औषधेही निराळी. त्यांतील बॅक्लोफेन हे नियमित घेत असता एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.

दर पावसाळ्यात कळलावी सह्याद्रीच्या कुंपणांवर पुन्हा फुलते. तिला तोडून घरात आणू नये, एवढे वाड्यावस्त्यांवरील मुलांना आजी-आजोबा सांगत आले. आता तीच वेल, रूप बदलून, चंदेरी पट्टीत बंद होऊन, घराघरांच्या कपाटांत येऊन बसली आहे. तिला घरात घेण्यास हरकत नाही. मात्र ती पाहुणी आहे, आणि आठ दिवसांच्या आत तिची पाठवणी करावयाची आहे, एवढे घरच्यांनी विसरू नये.